वाचकांचे प्रश्न : रीलमधलं युद्ध

प्रश्न : मुलगा बारावीत आहे. अग्निवीर व्हायचंय म्हणतो. मोबाईलवर बंदुका आणि जोशातली गाणी बघून त्याला युद्ध म्हणजे मर्दुमकीचा सोहळा वाटतो. अडवायचं नाही, पण खरं काय ते कसं कळावं? – एक आई, गुहागर

उत्तर : ताई, भाषण नको. त्याला पायांबद्दल सांगा.

भातलावणीत पायांना होणाऱ्या चिखल्या त्याने पाहिल्या असतील. पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकांतलं दुखणं मात्र वेगळं होतं. गार चिखलात तासन् तास उभं राहून रक्तवाहिन्या आखडत, त्यात बूट घट्ट. पाय आधी बधिर, मग सुजलेला, शेवटी कापायची पाळी. उपाय काय, तर सुके मोजे दिवसातून दोनदा बदलणं, व्हेलचं तेल चोळणं आणि जोडीदाराचे पाय तपासणं. यावर रील कोण काढणार!

कोकणातून मराठा पलटणींत भरती मोठी. त्यांपैकी १०३, ११० आणि ११७ या पलटणी त्याच युद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात डिसेंबर १९१५ पासून अडकल्या. भाजी-फळं मिळेनात, घोड्याचं मांस बहुतेक हिंदी शिपायांनी बरेच दिवस नाकारलं. त्यातून स्कर्व्ही : हिरड्यांतून रक्त, भरलेली जखम पुन्हा उकलते. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती आणि पुढे वाळवंटातून कैद्यांची पायपीट.

आता घरचा प्रयोग. पावसात, पाठीवर ५ किलो घेऊन घाटीच्या वाटेने ८ किलोमीटर. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या भरा, दमला तर ओतून टाकता येतात. दर आठवड्याला किलोभर वाढवा, १० वर थांबा. नवे बूट घातले की फोड येणारच. तो फोडू नये, झाकावा. त्याच रात्री पडवीत दोन तास पहारा, चार तास झोप, पुन्हा दोन तास. मोबाईल घरात. दुसऱ्या पहाऱ्याला उठवताना त्याचं तोंड बघा.

तरीही जायचंच म्हणाला, तर आनंदाने तयारी करू द्या. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्केच कायम होतात, हे आधीच सांगा. आधी लेखी परीक्षा, मग मैदान. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत धावलं तर ६० गुण, बीमवर १० पुल-अप्सना ४०. किनाऱ्यावर धावत असेल तर वेळ तिथे मोजू नका. वाळूत पाय रुततो, पोटऱ्या भरतात आणि खरा वेग कळत नाही. शाळेच्या मैदानावर मोजा.