ग्रुपमधली पहिली राइड: सुरुवातीला एवढंच सांभाळा

रविवारी ग्रुपबरोबर सायकलने सिंहगड पायथ्यापर्यंत निघताय, छान! एक गोष्ट आधी पक्की करा: तुमचं पुढचं चाक समोरच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही जाऊ देऊ नका. तो खड्डा चुकवायला जरासा सरकला की चाकाला चाक घासतं आणि पडतो बहुतेक मागचाच, कारण हँडल त्याचं वळतं. सध्या एका सायकलीएवढं, म्हणजे दीड-दोन मीटर अंतर ठेवा. नजर त्याच्या टायरवर खिळवू नका, खांद्यावरून पुढचा रस्ता बघा.

दुसरं, ब्रेक. कचकन दाबलात तर मागची रांग अंगावर येते. आधी पेडल मारणं थांबवा, जरा ताठ बसा; वाऱ्यानेच वेग उतरतो.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- पुढे राहायची पाळी आली की जोर लावणं. वेग २५ असेल तर २५च ठेवा.
- चढावर एकदम उभं राहणं. सायकल क्षणभर मागे येते, म्हणून उठताना पेडलवर दाब सोडू नका.
- रांगेच्या मधोमध बाटली काढणं. पाणी शेवटी राहून प्या.

खड्डा दिसला की हाताने दाखवा. हँडल सोडायची भीती वाटली तर नुसतं 'खड्डा!' ओरडा, चालतं. इअरफोन मात्र घरीच ठेवा.