रडले तर विश्वास कमी पडला का?

आमच्या नगर भागातल्या ख्रिस्ती घरांतून माझ्याकडे समुपदेशनाला येणारी माणसं हा प्रश्न नाना तऱ्हांनी विचारतात. कुणी सरळ विचारतं, कुणी "हल्ली प्रार्थनेत मन लागत नाही" असं आडून सांगतं. घरातलं माणूस गेलेलं असतं. कबरस्तानात पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) पुनरुत्थानाच्या, म्हणजे मेलेले पुन्हा उठतील या आशेची वचनं वाचलेली असतात, तेव्हा धीरही आलेला असतो. मग महिना-दोन महिन्यांनी मंडळीतलीच कुणीतरी म्हणते, "अजून रडताय? ते प्रभूकडे आहेत, आनंद करा." बोलणारीचा हेतू चांगलाच असतो. पण तेव्हापासून दुःखाच्या जोडीला अपराधीपणा सुरू होतो.

करुणामावशींचा मुलगा (नाव आणि काही तपशील बदललेत) पुण्याला नोकरी करतो. फोन त्यानेच केला. "मॅडम, आई रडतच नाही. सगळे म्हणतात, काय विश्वास आहे बाईचा! पण तिने बीपीच्या गोळ्या बंद केल्यात."

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. ते जाऊन सात महिने झाले होते. कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज मुलाने भरून, फोटो चिकटवून ठेवला होता. सहीची जागा तेवढी कोरी. कागद टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये पडून होते.

मावशी आल्या त्या पिशवीत शास्त्र, म्हणजे बायबल, घेऊनच. "मी बरी आहे. प्रभूची इच्छा," हे पहिलं वाक्य. दिवस कसा जातो असं विचारलं, तर सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी कालचं काही उरलं असेल तर ते. "एकटीसाठी काय गॅस पेटवायचा? आणि इथलं सगळं नाशवंतच की हो. त्यांची नि माझी भेट आता वरच."

असं वाक्य आलं की मी पुढे सरकत नाही. श्रद्धेची भाषा आहे म्हणून सोडून देणं बरोबर नव्हे. मी सरळ विचारलं, "मावशी, स्वतःचं काही बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का?" त्या दचकल्या नाहीत, उलट जरा सैलावल्या. "तसं करायचं नसतं, माहीत आहे मला. पण सकाळी जाग आलीच नाही तर बरं, असं वाटतं." बंद केलेल्या गोळ्यांचा उलगडा इथे झाला. त्याच आठवड्यात मुलगा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला, आणि रोज रात्री फोनवर त्याच्यासमोर गोळी घ्यायची असं ठरलं. बाकीचं बोलणं त्यानंतर.

मी पाळक नाही, प्रवचन देणं माझं काम नाही. पण समोरच्याच्या श्रद्धेतच त्याला धरायला काही सापडत असेल, तर ते बाहेरून कशाला आणायचं? मी त्यांना लाजराची, येशूच्या मेलेल्या मित्राची, गोष्ट सांगायला लावली. शब्बाथशाळेत (मंडळीच्या मुलांच्या बायबल-वर्गात) वर्षानुवर्षं शिकवलेल्या बाई त्या, घडाघडा सांगू लागल्या. "येशू रडला" या वचनाशी मी थांबवलं. "लाजराला आपण थोड्याच वेळात उठवणार, हे त्याला ठाऊक होतं ना?"

"होतं की. आधीच बोलून दाखवलं होतं त्याने."

"मग रडला कशाला?"

मावशी बराच वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. मग रडल्या, चांगल्या मोठ्याने. बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पत्रातलं ते वचन त्यांना कितीदा तरी ऐकवलं गेलं होतं. पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे म्हणतो, आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका. खेदच करू नका, असं तो कुठे म्हणतो? पण सांत्वनाला येणारे अर्धंच वचन घेऊन येतात. माझा राग आहे तो या अर्ध्या वचनांवर.

एवढ्याने दुखण्याचं एक टोक हाती आलं. दुसरं जास्त चिवट होतं. पुनरुत्थान म्हणजे पुढे कधीतरी होणारी गोष्ट, तोवर इथे नुसतं थांबायचं, हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं. मी म्हटलं, येशूची कबर रिकामी झाली, त्यानंतर काय काय घडतं ते सांगा. मरीयेला येशू माळी वाटतो. अम्माऊस गावाच्या वाटेवर दोघा शिष्यांबरोबर चालतो, त्यांच्याबरोबर जेवायला बसून भाकर मोडतो. थोमा या शिष्याला हातावरचे खिळ्यांचे व्रण दाखवतो, म्हणजे उठलेल्या देहावरही व्रण आहेतच. तिबिर्या सरोवराच्या किनाऱ्यावर निखाऱ्यांवर मासळी भाजतो आणि रात्रभर जाळी टाकून दमलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावतो.

"तुम्ही सकाळी काय खाल्लंत?" मी विचारलं.

मावशी हसल्या. मग एक गोष्ट त्यांनी माझ्यापुढे ठेवली, जी मला सुचली नसती. "कबरेत डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला होता. म्हणजे उठल्यावर आधी आवरलंय. आणि ह्यांचे सदरे अजून दोरीवर आहेत माझ्या." पुढच्या वेळी येताना त्यांनी सदरे धुऊन, इस्त्री करून दिराच्या मुलाला दिले होते. दोन ठेवून घेतले. ठेवावेत, काही बिघडत नाही.

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 15व्या अध्यायात पौल पुनरुत्थानावर तब्बल 58 वचनं लिहितो. कर्णा वाजेल, मेलेले उठतील, इथवर जातो. शेवट मात्र कशावर करतो, तर तुमचे श्रम व्यर्थ नाहीत यावर. आणि लगेच 16व्या अध्यायात यरुशलेमच्या गरजूंसाठी वर्गणी कशी काढायची ते सांगतो: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने बाजूला काढून ठेवावं. कर्ण्यावरून थेट पैशांच्या हिशेबावर! मावशींना हे दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे पेन्शनचा कागद पण त्यातच आला म्हणायचा." सही झाली. आता दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागणार, यावर त्या स्वतःच विनोद करतात.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची अवस्था अशी असेल, तर रडू येणं हे आजाराचं लक्षण नाही आणि अविश्वासाचंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात दीर्घकाळ रेंगाळलेल्या शोकाचा विकार नोंदलेला आहे. पण त्यासाठी निदान सहा महिने उलटलेले असावे लागतात, शोक आपल्या समाजात रूढ असलेल्या काळाच्या बराच पुढे गेलेला असावा लागतो आणि रोजचं जगणं अडलेलं असावं लागतं. खाणं, औषधं, कामं सुटली असतील तर सहा महिन्यांची वाट न पाहता दाखवून घ्या. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. पाळकांनाही सांगा, पण डॉक्टरांऐवजी नव्हे.

मावशी अजून येतात. उपासनेत ह्यांच्या आवडीचं गीत लागलं की डोळे भरतात, आणि शेजारच्या बाईने हात दाबून "नका हो" म्हटलं तर "येशू रडला" एवढंच सांगून मोकळ्या होतात. सध्या आमचा विषय दिराबरोबरच्या जमिनीच्या वाटणीचा आहे. तिथे मात्र त्यांना रडू येत नाही, नुसता संताप येतो.