धंदा गुन्हा नाही, मग रेड का पडते आणि बायकांनाच का नेतात?

तुम्ही विचारलंय की सुप्रीम कोर्टाने वेश्याव्यवसाय कायदेशीर केलाय तर अजून पोलीस रेड का टाकतात. मी पुण्यात पिटाच्या (म्हणजे वेश्याव्यवसायाविरुद्धच्या १९५६ च्या कायद्याच्या) केसेस घेणाऱ्या वकीलबाईंकडे काम करते, त्यामुळे हा प्रश्न रोजचाच आहे.

कोर्टाने नवीन काही कायदेशीर केलेलं नाही. हा १९५६ चा कायदा आहे त्यातसुद्धा सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने धंदा करणं हा गुन्हा नाहीये, पण त्याच्या आजूबाजूचं जवळपास सगळं गुन्हा आहे. कुंटणखाना चालवणं, दलाली, रस्त्यावर उभं राहून गिऱ्हाईक बोलावणं, शिवाय देऊळ, शाळा, हॉस्पिटलपासून २०० मीटरच्या आत धंदा केला तर कलम ७. पुण्यात बुधवार पेठेतल्या वस्तीला लागूनच दगडूशेठचं मंदिर आहे, मग तिथल्या बायकांनी जायचं कुठे? नागपूरची गंगाजमुना वस्ती ऑगस्ट २०२१ मध्ये याच कलमाचा आधार घेऊन सील केली.

आणि कलम ४ वाचा एकदा. तिच्या कमाईवर जगणारा १८ वर्षांवरचा कोणीही आरोपी होऊ शकतो, म्हणजे दलालासाठी केलेलं कलम तिच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलावरही लागू शकतं.

आता बायकांनाच का नेतात. कागदावर ती आरोपी नसते, "पीडित" असते, पण पाठवतात सुधारगृहातच आणि कलम १७ खाली एक ते तीन वर्षं ठेवता येतं. सुटायचं तर घरच्यांनी ताबा मागायचा, मग गृहचौकशी होते, अधिकारी गावात जाऊन शेजारीपाजारी विचारणार, आणि जी बाई वर्षानुवर्षं घरी हॉटेलात काम करते असं सांगून पैसे पाठवतीये तिचं सगळं अर्ध्या तासात गावभर होतं. मला बायकांनी सांगितलंय, ताई घरी कळवू नका, वर्षभर आत राहीन. तिला वाचवायला म्हणून नेलं आणि तिचं माहेरच तुटलं, ह्याचा मला अजूनही प्रचंड राग येतो.

सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई हायकोर्टात न्या. पृथ्वीराज चव्हाणांनी मालाडच्या रेडमधल्या तीन मुलींना सोडायचा आदेश दिला, की त्या सज्ञान आहेत, कुठे राहायचं आणि काय काम करायचं हे त्या ठरवतील. पण तोवर जवळपास वर्ष गेलं होतं.

१९ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाने बुद्धदेव कर्मासकर केसमध्ये निर्देश दिले. कंडोम पुरावा म्हणून धरायचे नाहीत, फोटो छापायचे नाहीत. रेडमध्ये मर्जीने काम करणाऱ्या बाईला अटक, दंड, छळ करायचा नाही आणि फक्त आई ह्या धंद्यात आहे म्हणून मूल तोडायचं नाही, ह्या कोर्टाने नेमलेल्या समितीच्या शिफारशीही त्या आदेशात आहेत, पण त्यांवर केंद्र सरकारने हरकत घेतली होती. पण कुंटणखाना अजूनही बेकायदेशीर आहे, आणि एकटीला भाड्याने खोली कोण देतं हो, ती कुठल्यातरी घरवालीकडेच (कुंटणखाना चालवणाऱ्या बाईकडेच) असते, त्यामुळे रेड चालूच राहते.

अल्पवयीन किंवा फसवून, विकून आणलेल्या मुलींचं वेगळं आहे, तिथे सोडवायलाच पाहिजे, वस्तीतल्या बायकाही हेच म्हणतात.

ओळखीतल्या कोणाला नेलं असेल तर वयाचा पुरावा घेऊन लगेच वकील गाठा, "मी स्वखुशीने होते, मला सोडा" हा जबाब मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवून घ्या आणि अर्जाला ह्या दोन्ही आदेशांची प्रत जोडा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना वकील फुकट मिळतो.