दहा ब्रँडचा क्लास की एक कार्ड नीट?

प्रश्न : मुलगी ई अँड टीसी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पसला आलेल्या वाळूजच्या एका कंपनीनं तिला विचारलं, "चार-ते-वीसचं कार्ड कसं कॉन्फिगर करशील? वायर तुटली तर स्क्रीनवर काय दिसेल?" तिला लॅडर येतं, पण हे जमलं नाही. आता संभाजीनगरातला एक क्लास चार महिन्यांचे ६५ हजार मागतोय. पीएलसी, स्काडा, डीसीएस, एकूण दहा ब्रँड शिकवतो म्हणतात. कापसाचे पैसे त्यात घालावेत का?
— एक पालक, परतूर

नमस्कार दादा,

पैसे लगेच भरू नका. आधी मुलीला कुठला प्रश्न अडला ते पाहू. पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा कारखान्यातला कॉम्प्युटर, लॅडर ही त्याचा प्रोग्रॅम लिहायची पद्धत; स्काडा आणि डीसीएस म्हणजे कारखान्यावर स्क्रीनवरून नजर आणि ताबा ठेवणाऱ्या सिस्टीम. चार-ते-वीस म्हणजे सेन्सरकडून वायरीतून येणारा ४ ते २० मिलिअँपिअर करंट, आणि कार्ड म्हणजे तो वाचणारा पीएलसीचा जोडभाग. तो प्रश्न तिला पुन्हा पुन्हा भेटणार आहे. नव्या पोरांच्या हाती कुणी आख्खा प्रोग्रॅम देत नाही. त्यांच्या हाती येते आयओ लिस्ट (कुठला सिग्नल कुठल्या इनपुट-आउटपुटला, ती यादी), ड्रॉइंग आणि मल्टीमीटर. जालन्याची रोलिंग मिल असो, साखर कारखाना असो की शेंद्र्याची असेंब्ली लाइन, पहिले सहा महिने कार्ड बसवणं, चॅनल (कार्डावरची एकेका सिग्नलची जागा) लावणं आणि लूप, म्हणजे सेन्सरपासून कार्डापर्यंतची पूर्ण साखळी, तपासणं यातच जातात. दहा ब्रँडच्या क्लासमध्ये नेमकं हेच घाईत उरकलं जातं, कारण त्याला कॉम्प्युटर पुरत नाही, वायर लागते.

आता पुढचं मुलीला वाचायला द्या. उदाहरण सीमेन्सच्या एस७-१२०० चं घेतो. इतर ब्रँडमध्ये आकडे आणि मेनू बदलतात, विचार तोच राहतो.

पहिली चूक कॅटलॉगमध्येच होते. टीआयए पोर्टल या सीमेन्सच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्ड रॅकवर ओढण्याआधी प्रत्यक्ष कार्डावरचा ६ईएस७ ने सुरू होणारा ऑर्डर नंबर वाचायचा, सीपीयूचा, म्हणजे पीएलसीच्या मुख्य भागाचा, फर्मवेअर व्हर्जनही बघायचा. दिसायला सारखी कार्डं आत वेगळी असतात. नावातही माहिती असते. सीपीयू १२१४सी डीसी/डीसी/रिले म्हणजे सप्लाय डीसी, इनपुट डीसी आणि आउटपुट रिलेचं. रिले २ अँपिअरपर्यंत चालतो, पण स्टेपर किंवा सर्व्होला वेगानं पल्स द्यायचे असतील तर तो कामाचा नाही; तिथे ०.५ अँपिअरचा ट्रान्झिस्टर आउटपुट हवा.

याच सीपीयूवरचे, टाकीच्या पातळीसारखं कमी-जास्त होणारं माप घेणारे, दोन अ‍ॅनालॉग इनपुट फक्त ०-१० व्होल्टचे आहेत. ४-२० मिलिअँपिअरसाठी एसएम १२३१ कार्ड जोडावं लागतं. त्यात प्रत्येक चॅनलला करंट की व्होल्टेज, आणि कुठली रेंज, हे सॉफ्टवेअरमध्ये सांगावं लागतं. इथे एक खाच आहे : चॅनल ० ला करंट निवडलं की चॅनल १ लाही करंटच लागतं, २ आणि ३ ची जोडी तशीच. ड्रॉइंग करणाऱ्यानं एका जोडीत एक व्होल्टेज आणि एक करंट ट्रान्समीटर (माप विजेच्या सिग्नलमध्ये पाठवणारं उपकरण) दिला असेल, तर वायरच हलवावी लागते. सिग्नलमधला विजेचा गोंगाट गाळणारा फिल्टर भारतातल्या विजेप्रमाणे ५० हर्ट्झला ठेवायचा. मग पत्ता. कार्डाचा पत्ता ९६ पासून असेल तर पहिला चॅनल आयडब्ल्यू ९६, दुसरा ९८. एका चॅनलला दोन बाइट. टॅग, म्हणजे त्या पत्त्याचं प्रोग्रॅममधलं नाव, आयओ लिस्टमधलंच द्यायचं, मनाचं नाही. आणि हार्डवेअर कॉन्फिगरेशन डाउनलोड करताना सीपीयू स्टॉपमध्ये जातो. चालू लाइनवर शिफ्ट इंचार्जला न विचारता हे बटण दाबू नये.

आता कॅम्पसचा प्रश्न. सीमेन्समध्ये ४ ते २० मिलिअँपिअर म्हणजे ० ते २७६४८. लूप कॅलिब्रेटरनं (हवा तेवढा करंट सोडणारं उपकरण) ४, ८, १२, १६, २० मिलिअँपिअर सोडले की ०, ६९१२, १३८२४, २०७३६, २७६४८ दिसायला हवेत. हे पाच आकडे तोंडपाठ असावेत. कार्डात चुकून ०-२० निवडलं तर ४ मिलिअँपिअरला ५५३० येतो. समजा टाकीची पातळी मोजतोय : टाकी रिकामी, तरी स्क्रीनवर २० टक्के. अर्ध्या टाकीला ६० दिसतं आणि भरलेल्या टाकीला बरोबर १००! म्हणूनच ही चूक लपून राहते. वरचा आकडा जुळतोय ना, म्हणून ट्रान्समीटर बदलणारे लोक आहेत.

वायर तुटली की ४-२० वर करंट १.१८५ मिलिअँपिअरखाली जातो. वायर तुटल्याचा अलार्म चालू असेल तर चॅनल ३२७६७ देतो, बंद असेल तर उणे ३२७६८. पहिला आकडा स्केल केला, म्हणजे टक्क्यांत बदलला, की ११८.५ टक्के होतात. म्हणजे वायर तुटली आणि प्रोग्रॅमला वाटलं टाकी भरून वाहतेय. साखर कारखान्याच्या बॉयलर ड्रमवर असं झालं तर लॉजिक फीडवॉटर कमी करेल आणि आतलं पाणी खरंच उतरत जाईल. म्हणून स्केल करण्याआधी कच्चा आकडा तपासायचा. २७६४८ च्या बराच वर किंवा ० च्या बराच खाली गेला की त्याला माप समजायचं नाही, बिघाड समजायचं. इंटरव्ह्यूत एवढं सांगितलं असतं तर पुढचे प्रश्न सोपे झाले असते.

स्केलिंग नॉर्म_एक्स आणि स्केल_एक्स या तयार सूचनांनी करावं. हातानं भागाकार करायचाच तर रिअलमध्ये (दशांश संख्येत) करावा. पूर्णांकात कच्चा आकडा भागिले २७६४८ केलं तर जवळजवळ पूर्ण रेंजभर उत्तर ० येतं.

डिजिटल, म्हणजे फक्त चालू-बंदच्या, बाजूला दोनच गोष्टी जास्त छळतात. प्रॉक्स, म्हणजे वस्तू जवळ आली की सिग्नल देणारा सेन्सर, दोन जातीचा असतो. पीएनपी प्रॉक्सला इनपुटचा कॉमन (सगळ्या इनपुटची सामायिक वायर) ० व्होल्टला जातो, एनपीएनला २४ ला. १२१४सी च्या चौदाही इनपुटला कॉमन एकच, त्यामुळे दोन जातीचे सेन्सर तिथे मिसळता येत नाहीत. सेन्सरचा दिवा लागतो आणि इनपुट येत नाही. दुसरी गोष्ट फिल्टर. तो मुळात ६.४ मिलिसेकंदांना असतो, म्हणजे सेकंदाला ७८ पल्सच्या आसपास दम संपला. एका फेरीला ६०० पल्स देणारा एनकोडर (फिरणं मोजणारा सेन्सर) मिनिटाला ३०० फेऱ्यांनी फिरला तर सेकंदाला ३००० पल्स येतात. हाय-स्पीड काउंटर बरोबर लावूनही आकडा हलत नाही तो यामुळे. त्या इनपुटचा फिल्टर मायक्रोसेकंदांत आणावा लागतो.

डेल्टा या ब्रँडचे छोटे पीएलसी जालना-वाळूजच्या लहान युनिटमध्ये सापडतील. तिथे इनपुटचे पत्ते (एक्स) अष्टमान पद्धतीचे, म्हणजे ८ आणि ९ हे अंक नसलेले. एक्स ७ नंतर थेट एक्स १०. एक्स ८ शोधत बसू नये.

हे घरी शिकता येतं का? बरंचसं येतं. डेल्टाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, कोडेसिस हे पीएलसीचं दुसरं सॉफ्टवेअरही. टीआयए पोर्टलची २१ दिवसांची ट्रायल मिळते. ती परीक्षा संपल्यावरच सुरू करावी. एखादा जुना अ‍ॅनालॉगवाला पीएलसी मिळाला तर २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), एक पीएनपी, एक एनपीएन प्रॉक्स, मल्टीमीटर आणि १० किलोओहमचं पोटेन्शिओमीटर एवढं पुरे. पोटेन्शिओमीटर थेट २४ वर लावू नको, इनपुट १० व्होल्टचा आहे. १५ किलोओहमचा रेझिस्टर वरच्या बाजूला सिरीजमध्ये टाक, म्हणजे ० ते ९.६ व्होल्ट मिळतील. ४-२० चा ट्रान्समीटर हाती आला तर ५०० ओहमवरून घे, २ ते १० व्होल्ट होतात. ४ मिलिअँपिअरला ५५३० दिसण्याची गंमतही मग आपोआप कळेल.

दादा, आता तुमच्यासाठी. डिप्लोमानंतर नॅट्स या सरकारी योजनेखाली एक वर्षाची अप्रेंटिसशिप असते, तीत स्टायपेंडही मिळतो. क्लासच्या आधी तो अर्ज भरावा. जागा निवडायची मुभा असेल तर मेंटेनन्सच्या इन्स्ट्रुमेंट विभागात किंवा पॅनल बनवणाऱ्याकडे जाणं चांगलं. पॅनलच्या कामात कार्ड, फेरूल, टर्मिनल सगळं हाताखालून जातं आणि मुक्कामही बहुतेक घरीच असतो. कमिशनिंगला (नवी मशीन जागेवर जाऊन सुरू करून देणं) मात्र बाहेरगावी राहावं लागतं, हे आत्ताच घरात बोलून घ्या. साखर कारखान्यात काम बघायचं असेल तर गाळप बंद असताना, ओव्हरहॉलिंगच्या महिन्यांत. तेव्हा ट्रान्समीटर खाली काढलेले असतात आणि शिकवायला माणसाला वेळ असतो.

तरीही क्लास करायचाच असेल तर चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूम या सरकारी प्रशिक्षण केंद्रात आधी चौकशी करा, मग त्या क्लासला मुलीसह जा. एका पीएलसीवर किती जण बसतात? चारच्या वर असतील तर बाकीचे बघे. खरा ट्रान्समीटर आणि लूप कॅलिब्रेटर आहे का? वायरिंग मुलं स्वतः करतात की आधीच केलेल्या किटचं बटण दाबतात? किट ॲक्रिलिकच्या डब्यात बंद असेल तर परत या. फी हप्त्यानं ठरवा, आणि शेवटचा हप्ता मुलीनं रिकाम्या रॅकपासून सुरुवात करून पाच आकड्यांचा लूप एकटीनं लावून दाखवल्यावरच द्या.