नाकाला लागणारी शाई

ताई,
माझी मुलगी सहावीत आहे. तिला जन्मजात काचबिंदू, तान्ही असतानाच दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. डाव्या डोळ्यानं जवळजवळ दिसत नाही, उजव्याची नजर चष्मा लावून 6/60. आम्ही तिला चारचौघांसारख्या शाळेत घातलंय. मुलगी हुशार आहे, पण यंदा वर्गपाठ अपुरा राहतो, बाई डायरीत शेरे लिहून पाठवतात. पुस्तक उघडलं की मान दुखते, डोकं दुखतं म्हणून रडते. (लिहितावाचताना तिच्या नाकाला शाई लागते, त्यावरून आम्ही घरात चिडवतो, मग आणखीच फुगते.) मी नोकरी सोडून रोज रात्री सगळे धडे वाचून दाखवते. तरी परवा म्हणाली, "आई, तू नको बसूस माझ्याजवळ." सासूबाई म्हणतात, लाडावलीय. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आहे, पण शिक्का नको म्हणून शाळेत दिलेलं नाही. ह्यांचं म्हणणं, ब्रेलबिलचं नाव घरात काढायचं नाही, तिला दिसतंय. तिचा आळस आणि चिडचिड कशी घालवू?
— एक आई, वारजे

तुम्ही कंसात टाकलेलं वाक्य मी आधी घेते. ज्या मुलीच्या नाकाला वहीची शाई लागते, तिची वही डोळ्यापासून किती लांब असेल? दोन बोटं, फार तर तीन. तेवढ्या अंतरावरून एका वेळी एखाद-दुसरा शब्द दिसतो. ओळ संपेपर्यंत तिला डोळ्यांऐवजी मान फिरवावी लागते, आणि मान परत डावीकडे आणेपर्यंत पुढची ओळ हरवते. मग बोट ठेवून ती शोधायची. शेजारची मुलगी धडा संपवून दप्तर भरते तेव्हा तुमची लेक दुसऱ्या परिच्छेदात असते. फळ्याचं तर विचारूच नका. 6/60 म्हणजे बाकीच्यांना 60 मीटरवरून दिसतं ते हिला 6 मीटरवर यावं तेव्हा दिसतं. सकाळपासून ही कसरत करून घरी आलेल्या पोरीला तुम्ही आळशी म्हणता? तुमच्या घरात सगळ्यात जास्त राबणारं माणूस ती आहे. ते चिडवणं आजच्या आज बंद करा.

जवळ धरून वाचल्यानं डोळे बिघडत नाहीत, तेव्हा "लांब धर, लांब धर" म्हणून मागे लागू नका. पण चौथीपर्यंत जे निभावलं ते सहावीत निभत नाही. अक्षर बारीक झालं, धडे लांबले, विषय वाढले. तिची नजर तेवढीच आहे आणि वाचायचं मात्र दुप्पट झालंय.

तुम्ही नोकरी सोडलीत, रोज रात्री वाचून दाखवता. त्याबद्दल माझ्याकडून शाबासकीची अपेक्षा असेल तर ती मिळणार नाही. तुम्ही वाचता म्हणून मार्क येतात, आणि मार्क येतात म्हणून तिला स्वतःला आता वाचणं झेपत नाही हे कुणाच्याच लक्षात येत नाही. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला आईच्या आवाजाशिवाय काहीतरी वाचायचं असतं. गोष्ट, मैत्रिणीची चिठ्ठी, तुम्हाला कळू नये असं काहीबाही. "तू नको बसूस" यात तिनं तेच मागितलंय.

तुमचे यजमान म्हणतात, तिला दिसतंय. खरंच दिसतंय, आणि म्हणूनच ब्रेल आत्ता शिकवायचं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही आणि डोळ्याचा दाब जन्मभर सांभाळावा लागतो, हे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलेलं असणार. आहे ती नजर तशीच राहो, माझीही तीच इच्छा आहे. पण ब्रेल शिकल्यानं ती तसूभरही कमी होत नाही. नकाशा, आकृती डोळ्यांनी बघायची आणि लांबलचक धडा बोटांनी वाचायचा, असं दोन्ही हाताशी ठेवून शिकणारी मुलं असतात.

घाबरण्यासारखं त्यात काही नाही. सहा ठिपक्यांचं घर, बोटाच्या टोकाखाली मावेल एवढं. त्यातले कुठले ठिपके उठले त्यावरून अक्षर ठरतं. ठिपक्यांना एक ते सहा नंबर असतात: आ म्हणजे तीन, चार, पाच नंबरचे ठिपके, ई म्हणजे तीन आणि पाच. पाच ठिपक्यांत "आई" लिहून होते. स्लेटमध्ये, म्हणजे ब्रेल लिहायच्या खाचांच्या पट्टीत, कागद अडकवून टोचताना उजवीकडून डावीकडे जायचं, कारण ठिपके मागच्या बाजूला उठतात. कागद उलटला की डावीकडून वाचता येतं. 1951 पासून आपल्या सगळ्या भाषांना भारती ब्रेल आहे, त्यामुळे मराठीतला क हिंदीतही तोच आणि इंग्रजीचा के सुद्धा तोच. तीन भाषांसाठी तीनदा शून्यापासून सुरुवात नाही. तुम्हीही तिच्याबरोबर शिका. तुम्हाला डोळ्यांनी वाचायचंय, ते आणखी सोपं.

कुणीतरी सांगेलच की आता मोबाईल बोलतो, ब्रेल कशाला? मोबाईल बोलू दे, तोही हवाच. पण ऱ्हस्व-दीर्घ कानाला कळत नाही, आणि अपूर्णांकांचं लांबलचक गणित नुसतं ऐकून डोक्यात धरून बघा बरं. दहावीला लेखनिक, म्हणजे ती सांगेल ते पेपरात लिहिणारं माणूस, मिळेल, तासाला 20 मिनिटं जादा मिळतील. त्या लेखनिकाला सांगणार काय, हे मात्र स्वतः वाचलेल्या मुलीलाच ठामपणे सांगता येतं.

प्रमाणपत्राची प्रत सोमवारी मुख्याध्यापकांच्या हातात द्या. शाळेला माहीतच नाही, मग बाई शेरेच लिहिणार! 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना अठराव्या वर्षापर्यंत पुस्तकं आणि साधनं मोफत देणं ही सरकारची आणि स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक शाळेमार्फतच गाठायचे असतात. शिक्क्याच्या भीतीनं तुम्ही ते दार आतून लावून घेतलंत. तोवर घरी उतरतं लाकडी स्टँड आणा म्हणजे मान मोडणार नाही, जाड काळ्या पेनानं रुंद ओळींवर लिहू द्या, आणि बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, ती टॅबवर मोठी करून तिची तिला वाचू द्या.

पण त्याआधी एक काम. कोथरूडला गांधी भवनापाशी मुलींची अंधशाळा आहे, वारज्याहून रिक्षानं जाण्याएवढी जवळ. फोन करून वेळ ठरवा आणि या शनिवारी लेकीला घेऊन तिथे जा. नाव घालायला नाही, तिची शाळा आहे तीच राहू दे. तिथल्या शिक्षिकांना भेटा, आठवड्यातून दोन-तीनदा ब्रेल कोण शिकवेल ते विचारा, आणि तिच्याच वयाच्या मुली भराभर बोटं फिरवत वाचताना तिला भेटू द्या. यजमानांनाही चला म्हणा. नाही म्हणाले तर तुम्ही दोघी जा.