सासूबाईंच्या अंगठीतला खडा खरा हिरा आहे का, घरच्या घरी कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की सासूबाईंनी त्यांच्या लग्नातली १९६८ ची अंगठी तुम्हाला दिली आणि शेजारच्या काकू म्हणतात काचेवर घासून बघ, ओरखडा उठला तर हिरा. ते कृपा करून करू नका. मी मुंबईत सोळा वर्षं हिऱ्यांच्या असॉर्टिंगमध्ये, म्हणजे प्रतवारी लावण्यात काढली, आधी ऑपेरा हाउसला मग बीकेसीला, म्हणून कळकळीने सांगतोय. काच मुळात मऊ असते, तिच्यावर अमेरिकन डायमंडनेही ओरखडा उठतो आणि साध्या स्फटिकानेही, त्यामुळे कळत काहीच नाही आणि घासताना खडा धरून ठेवणारे बारीक आकडे मात्र वाकतात.

हातोडीचं तर नावही काढू नका. खरा हिरा घणाखाली फुटत नाही असं आपण लहानपणापासून ऐकतो पण हिरा कठीण असतो म्हणजे चिवट असतो असं नाही, त्यात चार दिशा अशा आहेत की त्या रोखाने टोला बसला की सरळ चिरतो, पूर्वी कच्चा हिरा फोडायचेच तसा. माझ्याकडे एक ताई कागदाच्या पुडीत दोन तुकडे घेऊन आल्या होत्या, आजीच्या नथीतला हिरा, खरा होता, घरात कुणीतरी "टेस्ट" केली होती. तो दिवस मी अजून विसरलो नाही.

आता तुमच्या बाबतीत एक चांगली गोष्ट आहे ती म्हणजे साल. अमेरिकन डायमंड म्हणजे क्यूबिक झिरकोनिया बाजारात आलं १९७६ च्या सुमारास, मॉइसनाइट, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा आणखी एक कृत्रिम खडा, दागिन्यांत आलं १९९८ ला, आणि लॅबमध्ये बनवलेले हिरेही १९६८ ला दागिन्यांत नव्हते. म्हणजे मधे कुणी खडा बदलला नसेल तर हे तिन्ही बाद. उरतात काच, पांढरा पुखराज, झिरकॉन, कारखान्यात बनवलेला स्पिनेल नावाचा खडा वगैरे. (झिरकॉन नैसर्गिक खडा आहे, क्यूबिक झिरकोनिया वेगळं, पण दुकानात बरेचदा दोघांनाही झरकन म्हणतात.) म्हणून सासूबाईंना आधी हे विचारा की अंगठी कधी दुरुस्तीला दिली होती का.

मग अंगठी मागून बघा. मागची बाजू उघडी असेल तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुवा, कारण हिऱ्याला तेलकटपणा फार पटकन चिकटतो आणि खराच हिरा काचेसारखा मंद दिसायला लागतो. बंद कोंदण असेल तर पाणी लावू नका, आत चकाकीसाठी वर्ख असतो तो काळा पडेल.

आणि एक १० पटीचं भिंग घ्या, महाग नसतं. माझा सगळ्यात जास्त भरवसा याच्यावर. दोन पैलू जिथे भेटतात ती कड बघा, हिऱ्याची कड पात्यासारखी धारदार राहते, एवढी वर्षं वापरून काचेची किंवा झिरकॉनची कड झिजून गोलसर, चरे पडलेली दिसेल. आत गोल बुडबुडा दिसला तर काच समजा. तिरकं बघून मागच्या पैलूंच्या रेषा दुहेरी दिसल्या तर तो हिरा नाही, झिरकॉनमध्ये आणि मॉइसनाइटमध्ये असं दिसतं. आणि वरून बघताना बरोबर मधोमध बारीक छिद्रासारखं गोल दिसलं तर घाबरू नका, जुन्या कटच्या हिऱ्याला तळाशी तसा छोटा पैलू पाडायचे, उलट तो चांगला इशारा आहे.

वाफेची टेस्ट, म्हणजे खड्यावर हाः करायचं आणि वाफ लगेच उडाली तर हिरा, यात थोडं तथ्य आहे कारण हिऱ्यातून उष्णता फार वेगाने पसरते, पण मॉइसनाइटही पास होतं. दुकानातलं बीप करणारं पेनसुद्धा उष्णतेवरच चालतं, त्यामुळे नवीन दागिन्यात नुसत्या बीपवर विश्वास ठेवू नका, आणि लॅबमधला हिरा तर खरा कार्बनचाच असतो, तो भिंगालाही कळत नाही आणि पेनालाही, मशीनवरच बघावा लागतो. भावात मात्र जमीनअस्मानाचा फरक. सुटा खडा असेल तर वजन बघतात, साडेसहा मिमीचा गोल हिरा साधारण १ कॅरेट भरतो, तेवढंच अमेरिकन डायमंड दीडपटीहून जास्त.

अंगठीवर हॉलमार्क असेल तर तो सोन्याचा, हिऱ्याचा नाही, यात खूप लोक फसतात. हिऱ्यासाठी जीआयए किंवा आयजीआयसारख्या लॅबचा रिपोर्ट लागतो. आधी ओळखीच्या सराफाकडे जा, तुमच्यासमोरच बघायला सांगा आणि अंगठी दुकानात ठेवावी लागलीच तर जवळून फोटो काढा, वजन आणि खड्याचं माप पावतीवर लिहून घ्या. भिंगातून काय दिसलं ते इथे खाली टाका, कडांचा फोटो जमला तर तोही, मी बघून सांगतो.