मोठी ऑर्डर घ्यायची की नाही?

प्रश्न: आमच्या बचतगटात १४ जणी चटण्या करतो. एक व्यापारी मोठी ऑर्डर द्यायला तयार आहे पण म्हणतो मशीन घ्या, चार बायका पुरेत. काय करावं?

उत्तर: ताई, आधी ठरवा गट कशासाठी काढलात, मग आकडे मांडा. लिज्जतचंच बघा ना, १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, देणगी घ्यायची नाही आणि प्रत्येक बहीण मालकीण हे पक्कं ठेवलं, म्हणून वाढतानाही पीठ मळून बहिणींना घरी न्यायला दिलं, लाटणं हातातच राहिलं. दहा जणी घरी बसणार असतील तर माझ्या मते ही ऑर्डर नकोच, त्याच्याकडे चौदा जणींना झेपेल एवढीच मागा.